मालदांडीची लागर

मुंबईत लागर बनवायची म्हणजे सगळी लढाई उकाड्याशी असणार, अशी माझी समजूत होती. लागर या बिअरच्या प्रकाराचे यीस्ट दहा-बारा अंश सेल्सिअसला काम करते आणि पुढे ती बिअर कित्येक आठवडे गोठणबिंदूच्या जवळ ठेवावी लागते. मुलुंडच्या ज्या घरात जानेवारीतही दुपारी पंखा लावावा लागतो, तिथे राहून हा विचार मी करत होते, तेव्हा काळजी होती ती थंडावा कसा मिळवायचा याचीच. प्रत्यक्षात तो प्रश्न एका शीतपेटीने सुटला आणि मला अडवून धरले ते ज्वारीच्या दाण्यातील पिष्टाने.

सहा वर्षांपूर्वी मला सिलिअ‍ॅक आजाराचे निदान झाले. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते. शेवटी टीटीजी ही या आजाराची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचा नमुना घेऊन केलेली तपासणी, या दोन्हींनी एकच कारण दाखवले. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेनमुळे माझ्या आतड्याला इजा होते आणि ती धान्ये आयुष्यभर वर्ज्य करणे एवढाच त्यावर उपाय आहे. पोळी सुटल्याचे फारसे जड गेले नाही, कारण माझे माहेर मंगळवेढ्याचे आणि मी भाकरीवरच वाढले. जड गेले ते लपलेला गहू शोधत राहणे. बाजारातल्या हिंगपुडीत बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि बिअर तर जवाचीच. महिन्यातून एखाद्या शनिवारी नवऱ्याबरोबर थंड लागरचा एक ग्लास घेण्याची आमची जुनी सवय होती. तो ग्लास गेला याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही.

काही बिअरवर ‘ग्लुटेन कमी केलेली’ असे लिहिलेले असते. त्या जवापासूनच बनवलेल्या असतात आणि त्यात एक विकर (एन्झाइम) घालून ग्लुटेनचे तुकडे केलेले असतात. ते तुकडे माझ्या आतड्याला निरुपद्रवी आहेत की नाहीत, याची खात्री नेहमीच्या तपासणीतून मिळत नाही, आणि म्हणूनच अमेरिकेत अशा बिअरला ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणू देत नाहीत. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने या बाटल्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुळात ज्यात ग्लुटेन नाही अशा धान्यापासूनच सुरुवात झाली पाहिजे. असे धान्य आपल्या घरात आहे आणि त्याची लागर होऊ शकते, हे मला नायजेरियाच्या उदाहरणावरून कळले. त्या देशाने १९८८ साली जवाच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची, आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनी ज्वारी आणि मक्यावर लागर बनवायला सुरुवात केली. तिथे कारखान्यात जे जमले ते आपल्या मालदांडी ज्वारीवर का जमू नये, हा प्रश्न मनात आला आणि तो गेला नाही.

इथे कायद्याची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. धान्याला मोड आणणे, ते वाळवणे, भरडणे आणि त्याचा गोड अर्क काढून पाहणे यात मद्य कुठेच येत नाही, म्हणून तेवढी कामे मी घरी केली. माझ्या मैत्रिणीचा मुलगा शहरातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्यात, ब्रुअर आहे आणि नव्या पाककृती आजमावण्यासाठी त्यांच्याकडे वीस लिटरचा एक छोटा संच आहे. मालकांची संमती घेऊन त्याने माझ्या माल्टचा एक घाणा त्या संचावर लावायचे कबूल केले. “मावशी, माल्ट चांगला आणा, पुढचं मी बघतो,” असे तो म्हणाला, तेव्हा माल्टच सर्वांत अवघड निघेल याची कल्पना त्यालाही नसावी.

धान्यापासूनच अडचण सुरू झाली. पहिली ज्वारी मी जवळच्या दुकानातून आणली आणि परातीत पसरून निवडायला घेतली, तर एका किलोत गव्हाचे अकरा दाणे सापडले. शेजारशेजारच्या पोत्यांत एकच माप फिरत असते, त्यामुळे यात नवल नाही, पण हिशेब करून पाहिला तेव्हा मी ती ज्वारी बाजूला ठेवली. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा धरला आणि त्याचा दहावा हिस्सा ग्लुटेन मानला, तर एका दाण्यात ४ मिलिग्रॅम ग्लुटेन येते. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त अन्नासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे किलोत पाच दाणे आले की मर्यादा गाठली, आणि माझ्या परातीत अकरा होते. त्यानंतर भावाला सांगून मंगळवेढ्याहून शेतातलीच मालदांडी मागवली. पेरणीचे बियाणे मुद्दाम घेतले नाही, कारण त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ही ज्वारीसुद्धा सासूबाईंनी आणि मी दोन संध्याकाळ बसून दाणा न् दाणा निवडली. सासूबाई सुपातला ढीग हाताने थोडा थोडा पुढे ओढत, चष्मा कपाळावर सरकवून डोळे जवळ नेत, आणि एखादा लांबट, मधोमध रेघ असलेला दाणा दिसला की तो चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवत. साडेसहा किलोत त्यांना एकही गहू मिळाला नाही. मिळाले ते दोन हरभरे आणि थोडे खडे.

मोड आणण्याचे काम सासूबाईंना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्यांचे माहेर कोकणातले आहे आणि घरात प्रत्येक बाळासाठी त्यांनी नाचणीचे सत्त्व केलेले आहे. नाचणी भिजवायची, उपसून फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवायची आणि दळून वस्त्रगाळ करायची, ही कृती म्हणजेच माल्ट बनवणे होय. धान्याला मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात आणि ती पिष्टाची साखर करू लागतात. बाळाला सत्त्व पचते ते त्यामुळेच, आणि यीस्टला खाद्य मिळते तेही त्यामुळेच. नाचणीत ही विकरे चांगली तयार होतात, म्हणून मी चार भाग ज्वारीला एक भाग नाचणी असे प्रमाण ठरवले.

पहिला प्रयत्न मी जुलैमध्ये केला आणि तो पूर्ण वाया गेला. तीन किलो ज्वारी भिजवून, उपसून गॅलरीत ओल्या पंचाखाली ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पंचा उचलला तर दाण्यांवर करड्या तंतूंचे जाळे पसरलेले होते आणि ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. बुरशी आलेल्या धान्यात विषारी द्रव्ये असू शकतात आणि धुतल्याने किंवा उकळल्याने ती जातीलच असे नाही, म्हणून त्यातला एकही दाणा न ठेवता सगळे टाकून दिले. पावसाळ्यातल्या मुंबईच्या हवेत उघड्यावर माल्ट करू नये, एवढे त्यातून नक्की झाले.

डिसेंबरमध्ये पुन्हा सुरुवात केली. आधी शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवले. त्यातल्या त्र्याण्णवांना मोड आले, म्हणजे धान्य जिवंत होते. मग ज्वारी वीस तास भिजवली, पण सलग नाही. दर पाच-सहा तासांनी पाणी काढून दाणे तासभर रोवळीत उघडे ठेवले, कारण भिजलेल्या दाण्यालाही हवा लागते आणि ती न मिळाल्यास तो आतल्या आत गुदमरून आंबतो. त्यानंतर चार पराती, वर ओलसर पंचे, आणि दिवसातून तीन वेळा हात फिरवणे. “ढिगाला हात लावत राहा गं. आत गरम लागला की लगेच पसर,” असे सासूबाई सांगत. खरोखरच दुसऱ्या रात्री ढिगाच्या पोटात हात घातला तेव्हा तो कोमट लागला, जणू आत काहीतरी श्वास घेत होते. मोड येणाऱ्या धान्यातून उष्णता बाहेर पडते आणि ती तिथेच कोंडली तर आधी मोड जळतात आणि मग बुरशी येते.

याच टप्प्यावर मुंबईच्या हवेबद्दलचे माझे मत बदलले. जवाला मोड यायला पंधरा-सोळा अंशांचा गारवा लागतो आणि तो इथे यंत्राशिवाय मिळणार नाही. ज्वारीला मात्र पंचवीस ते तीस अंश मानवतात. डिसेंबरात आमच्या घरातले तापमान सत्तावीसच्या आसपास राहिले आणि चार दिवसांत मोड दाण्याहून थोडे लांब झाले.

मग वाळवण. आधी दोन दिवस गच्चीवर, कुरडयांसारखे जाळीखाली, आणि मग ओव्हनमध्ये पन्नास अंशांच्या आत, कारण त्याहून जास्त तापवले तर जी विकरे मिळवण्यासाठी हा खटाटोप केला तीच निकामी होऊ लागतात. फक्त अर्धा किलो माल्ट वेगळा काढून बदामी रंगावर भाजला, चवीसाठी. वाळलेले मोड हाताने चोळून आणि पाखडून पूर्णपणे काढून टाकणे ही यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि ती कोणीही गाळू नये. कोवळ्या ज्वारीत गुरांना बाधणारे विष असते हे सोलापूरकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तेच सायनाइड देणारे द्रव्य ज्वारीच्या मोडांत आणि मुळांत असते. मोड काढून टाकणे, माल्ट नीट वाळवणे आणि पुढे अर्क झाकण न ठेवता उकळणे, या तिन्ही गोष्टींची त्यासाठी गरज असते. साडेसहा किलोतून शेवटी पाच किलोंना थोडा कमी माल्ट हाती आला. त्यात नाचणीचा एक किलो घातला आणि पाच किलोंची गरज भागून थोडा प्रयोगांसाठी उरला. दळायला गिरणीत नेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिथे दगडावर गव्हाचे पीठ कायम असते. हाताने फिरवायचे एक नवे लहान यंत्र आणून घरीच भरड काढली.

आता पिष्टाकडे येते. थोडी भरड चौपट पाण्यात घालून, जवाच्या पाककृतीत असते तसे, पासष्ट अंशांवर तासभर ठेवले. त्यानंतर पांढऱ्या बशीत त्या पाण्याचा एक थेंब घेतला आणि त्यावर औषधाच्या दुकानातले आयोडीन सोडले. थेंब क्षणात निळा-काळा झाला. निळा रंग म्हणजे पिष्ट तसेच आहे, साखर झालेली नाही. आणखी एक तास ठेवले, तरी थेंब काळाच. चवीला ते पाणी पातळ पेजेसारखे लागत होते. वेळ वाढवून, पाणी बदलून, नाचणी वाढवून असे मी पाच वेळा केले आणि पाचही वेळा बशीत तोच काळा थेंब उमटला.

कारण पुस्तकी होते, पण मला ते सासूबाईंच्या एका वाक्यातून उमगले. त्या दिवशी भाकऱ्या थापताना तुटत होत्या आणि त्या म्हणाल्या, “पिठाची विरी गेलीय, आधणाचं पाणी घाल.” ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तिच्या पिठाला चिकटपणा येतो तो उकळत्या पाण्याने पिष्ट फुलले की. कोमट पाण्यात ते फुलत नाही. हंड्यातही तेच घडत होते. जवाचे पिष्ट साठ-पासष्ट अंशांत फुलते आणि त्याच तापमानाला विकरे जोमात असतात, त्यामुळे दोन्ही कामे एकाच वेळी होतात. ज्वारीचे पिष्ट फुलायला सत्तरच्या पुढे जावे लागते आणि तिथे पोहोचेपर्यंत साखर करणारे मुख्य विकर नष्ट झालेले असते. पासष्ट अंशांवर मी कितीही वेळ थांबले असते तरी बंद दाराबाहेर थांबल्यासारखेच झाले असते.

यावरचा उपाय ज्वारी आणि भरडधान्यांचे माल्ट वापरणाऱ्यांना माहीत आहे. भरड आधी पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवली, म्हणजे विकरे पाण्यात उतरली. साका खाली बसल्यावर वरचे निवळ पाणी पळीने हळूच काढून वेगळे ठेवले. मग खालच्या घट्ट भागात आधणाचे पाणी घालून त्याची वीस मिनिटे चांगली उकड काढली. तो फुगला, जड झाला आणि पळी फिरवताना हात दुखू लागला. थंड पाण्याने तो पासष्टवर आणला आणि वेगळे ठेवलेले पाणी त्यात परत ओतले. दहा मिनिटांत ती घट्ट उकड माझ्या डोळ्यांदेखत सैल झाली. आधी पिठल्यासारखी होती, ती ताकासारखी पातळ झाली. अर्ध्या तासाने बशीतला थेंब जांभळा आला आणि दीड तासाने आयोडीनचा पिवळट-तपकिरी रंग तसाच राहिला. मी ते पाणी चमच्याने चाखले तेव्हा ते उसाच्या रसाइतके नव्हे, पण स्पष्ट गोड लागले. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद मी नवऱ्यालाही धडपणे सांगू शकले नाही.

बिअर लावण्याआधी माल्टचा नमुना नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत ग्लुटेनसाठी तपासून घेतला आणि तो मोजता येण्याच्या मर्यादेखाली आला. तपासायचा तो माल्ट, तयार बिअर नव्हे. आंबवताना प्रथिनांचे तुकडे होतात आणि मग तपासणीतला आकडा पुरेसा विश्वासार्ह राहत नाही.

जानेवारीच्या शेवटी, ब्रुअरीच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी आम्ही घाणा लावला. सुटीचा दिवस निवडला तो त्या दिवशी जव भरडला जात नाही आणि हवेत त्याची धूळ नसते म्हणून. नळ्या नव्या घेतल्या, झाकणांचे रबर बदलले, आंबवण्याचे पात्र नवे आणले आणि स्टीलचा हंडा दोनदा धुतला. यीस्टही नवे, कोरडे घेतले. ब्रुअरीत आधीच्या बिअरमधले यीस्ट पुन्हा वापरण्याची पद्धत असते आणि त्याबरोबर जवाचा अंश आला असता. कोरडे यीस्ट सहसा मळीवर वाढवलेले असते. त्या मुलाने पाकिटावरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच ते फोडले.

ज्वारीच्या दाण्याला जवासारखे टरफल नसते, त्यामुळे उकड गाळताना चोथा सिमेंटसारखा बसतो. त्यासाठी कर्जतच्या भातगिरणीतून आणलेली तुसे धुऊन, उकळून त्यात मिसळली आणि अर्क सुरळीत उतरला. तासभर उकळताना सुरुवातीला ३० ग्रॅम आणि शेवटच्या दहा मिनिटांत १५ ग्रॅम हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुले, घातले. अर्कातली साखर घनतेवरून मोजणाऱ्या हायड्रोमीटरने १.०४२ दाखवले (साध्या पाण्याला १.०००). अकरा अंशांवर बारा दिवस आंबवण झाली, शेवटी दोन दिवस सोळा अंशांवर ठेवून बटरस्कॉचसारखा येणारा वास यीस्टकडूनच काढून घेतला आणि मग पात्र दोन अंशांवर पाच आठवडे ठेवून दिले. ‘लागर्न’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवणे असा आहे. या पाच आठवड्यांत करण्यासारखे काहीच नव्हते, तरी मी दोनदा जाऊन पात्राला हात लावून आले.

मार्चच्या मध्याला पहिला ग्लास भरला. रंग फिका सोनेरी, थोडा धूसर. फेस चांगला आला आणि अर्ध्या मिनिटात गेला; फेस धरून ठेवणारी जवाची प्रथिने इथे नाहीत, त्यामुळे त्याची अपेक्षाही नव्हती. चव स्वच्छ होती, हॉप्सचा कडवटपणा बेताचा, शेवटी ज्वारीचा किंचित आंबूस तुरटपणा आणि भाजलेल्या माल्टचा हलका खमंगपणा. जवाच्या लागरशी ताडून पाहिले तर ती अधिक हलकी होती आणि जिभेवर थोडी गोडसर रेंगाळत होती. हायड्रोमीटर १.०१४ वर थांबला होता, म्हणजे मद्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांच्या जवळपास आले आणि यीस्टला न पचणारी बरीच साखर तशीच उरली. नवऱ्याने त्याचा ग्लास संपवला आणि माझ्या ग्लासकडे पाहिले, पण मी तो दिला नाही. मी अगदी सावकाश प्यायले. पुढचे चार दिवस पोटाकडे लक्ष ठेवले आणि काहीही त्रास झाला नाही.

ती गोडी कमी करण्यासाठी साखर करणारी विकरे अधिक हवीत, म्हणून पुढच्या घाण्याला नाचणीचे प्रमाण तीस टक्के करायचे आणि परत ओतल्यानंतरचे तापमान त्रेसष्टवर धरायचे, असे आम्ही ठरवले आहे. भावाकडे या हंगामातली मालदांडी काढून झाली आहे. त्यातली सात किलो पाडव्याच्या आत येईल, आणि पावसाळा लागण्याआधी मोडांचे काम उरकायचे असल्याने सासूबाईंनी सूप आधीच खाली काढून ठेवले आहे.